शंभर टक्के घरगुती

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात आजवर कोणी काही मोजलेलं नाही. मीठ चवीपुरतं, पाणी लागेल तसं, गूळ बेताचा. पुरणपोळीची कणीक किती सैल भिजवायची असं विचारलं, तर आई म्हणते, "हाताला कळतं." हात तिचा असल्याने आपल्याला काहीच कळत नाही आणि पुरणपोळी गूढ राहते. अशा या ओट्यावर हल्ली एक काटा येऊन बसला आहे. तो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. मुळात तो सराफी पेढीवर शोभणारा. आमच्याकडे त्यावर सोनं ठेवायची वेळ सहसा येत नाही. ठेवली जाते ती चिमूटभर पांढरी पूड. ती ठेवताना पंखा बंद करावा लागतो, खिडकी लावावी लागते आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला श्वास रोखून धरावा लागतो. जवळ उभा असलेला माणूस बहुधा मी असतो. शिक्षणासाठी कोथरूडला आमच्याकडे राहणारी भाची घरच्या घरी चेहऱ्याचं लोशन करते आहे.

घरच्या घरी म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर बेसन, साय आणि हळद येते. वाटीत कालवायचं, तोंडाला फासायचं, वाळलं की धुऊन टाकायचं आणि उरलेलं बेसन पिठल्यात घालायचं. त्यात शास्त्र असलंच तर ते पिठल्यापुरतं. लोशनचं तसं नाही. ते बाटलीत भरून दोन-तीन महिने ठेवायचं असतं, आणि सगळी भानगड या दोन-तीन महिन्यांत आहे.

भाचीची एक वही आहे. तिच्यात साधं लोशन असं लिहिलेलं आहे: पाणी ७४, बदामतेल १५, इमल्सिफाइंग वॅक्स ५, ग्लिसरीन ४, सेटिल अल्कोहोल १, प्रिझर्व्हेटिव्ह १. बेरीज १००. हे सगळे टक्के वजनाचे. चमचे-वाट्यांना इथे प्रवेश नाही, कारण चमचाभर तेल आणि चमचाभर पाणी यांचं वजन सारखं भरत नाही. ग्लिसरीन एकाने वाढवलं तर दुसरं काहीतरी एकाने कमी व्हायलाच हवं, आणि कमी होतं ते दर वेळी बिचारं पाणी. बाबांनी चष्मा लावून ती वही वाचली आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"म्हणजे जवळजवळ पाऊण भाग पाणीच?"

"बाजारातल्या लोशनमध्येही साधारण तेवढंच असतं, आजोबा."

"आणि आपण इतकी वर्षं पाण्याचे पैसे देतोय?"

"म्हणून तर घरी करते."

बाबा या उत्तरावर बेहद्द खूश झाले. पण हे पाणी नळाचं चालत नाही हे त्यांना नंतर कळलं. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते पुढे मिश्रण बिघडवतात. म्हणून डिस्टिल्ड वॉटर लागतं. ते केमिस्टकडे मिळतं, आणि त्याच्याकडे संपलेलं असलं की बॅटरीवाल्याकडे जावं लागतं. बॅटरीवाला कॅन पुढे सरकवत विचारतो, "गाडीला की इन्व्हर्टरला?" चेहऱ्याला, असं सांगायचा धीर मला आजवर झालेला नाही. मी इन्व्हर्टर म्हणतो.

वहीतल्या अल्कोहोलचाही खुलासा द्यावा लागला. आईच्या कपाळावर आठी आली आणि बाबा खुर्चीत किंचित पुढे सरकले. प्रत्यक्षात सेटिल अल्कोहोल म्हणजे मेणचट पांढरे पापुद्रे. ते चढत नाहीत, उडत नाहीत, लोशन दाट करतात इतकंच. बाबा पुन्हा मागे टेकून बसले.

आता तेल आणि पाणी एकत्र आणायचं. दोन चंचुपात्रांत दोघांना वेगवेगळं, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवायचं. दोघांचं तापमान सारखं हवं. पाणी थंड राहिलं आणि मेण त्यात पडलं, तर ते जागच्या जागी थिजतं. मग एक दुसऱ्यात ओतून हँड ब्लेंडर फिरवायचा. पांढरं, तुकतुकीत मिश्रण तयार होतं आणि भाचीच्या चेहऱ्यावर ते लावायच्या आधीच तेज येतं. हा ब्लेंडर पूर्वी ताकासाठी होता. तो आता तिच्या प्रयोगशाळेत कायमचा बदलून गेला आहे, कारण मधल्या काळात घरातल्या ताकाला लव्हेंडरचा वास येऊ लागला होता आणि माझी बायको त्या विषयावर अजून पूर्ण शांतपणे बोलू शकत नाही.

या समेटाचा खरा मानकरी इमल्सिफायर. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे, आणि या ओढाताणीत तेलाचे थेंब पाण्यात पसरून राहतात. कुठलं टोक किती जोर करतं हे आकड्यात मांडायची पद्धत १९४९ मध्ये विल्यम ग्रिफिन या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने काढली. तिला एचएलबी म्हणतात आणि ही मोजपट्टी साधारण ० ते २० अशी चालते. खालच्या आकड्यांवर तेलात पाणी, वरच्या आकड्यांवर पाण्यात तेल. प्रत्येक तेलाची मागणीही ठरलेली: खोबरेल ८ मागतं, एरंडेल १४. दोन्ही तेलं असतील तर प्रमाण पाहून सरासरी काढायची. ग्रिफिन नोकरीला होता ॲटलस पावडर कंपनीत, आणि ही कंपनी मुळात स्फोटकं बनवणारी. तेल आणि पाण्यात सलोखा घडवणारं गणित सुरुंगाच्या दारूवाल्यांकडून यावं, हे मला फार पटतं. ज्यांनी भांडणं जवळून पाहिलेली असतात तेच मध्यस्थी चांगली करतात.

गणित चुकलं तर लोशन फाटतं. दूध फाटलं तर निदान पनीर होतं. फाटलेल्या लोशनचं काहीच होत नाही. वर तेलाचा तवंग, खाली गढूळ पाणी, आणि शेजारी कोणाशीही न बोलणारी भाची.

लोशन ४० अंशांच्या खाली उतरलं की त्यात ते एक टक्का पडतं, ज्यावरून घरोघरी वाद होतात. प्रिझर्व्हेटिव्ह. आमच्या घरी जो येतो तो पहिला प्रश्न हाच विचारतो: "केमिकल नाही ना काही?" हा प्रश्न विचारणारे शेजारचे काका स्वतः निवृत्त होईपर्यंत रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते. पाणीही केमिकलच आहे, हे त्यांना सांगणार कोण?

गंमत अशी, की बाजारचं ते विषारी आणि घरचं ते सोवळं, असं मानून प्रिझर्व्हेटिव्ह वगळणारी माणसं त्याच लोशनमध्ये कोरफडीचा गर, तांदळाचं धुवण, कडुलिंबाचा काढा आणि थोडा मध घालतात. जंतूंसाठी याहून चांगलं ताट वाढता येणार नाही. पाणी आहे, साखर आहे, मुक्कामाला उबदार बाथरूम आहे, आणि रोज कोणीतरी येऊन बोट बुडवून नवे पाहुणे सोडून जातं. बुरशी दिसते तेव्हा बाटली फेकता तरी येते. जीवाणू दिसत नाहीत, वासही मारत नाहीत, आणि चेहऱ्यावर जाऊन आपला परिचय देतात. "मी व्हिटॅमिन ई घालते ना!" असं पुष्कळजणी म्हणतात. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून थोपवतं. जंतूंना त्याचं काही वाटत नाही. मेण आणि तेलाचं कोरडं बाम असेल, त्यात पाण्याचा थेंब नसेल, तर प्रिझर्व्हेटिव्हविना निभतं. पाणी आलं की ते हवंच.

हे आमच्या घरात सर्वांत आधी कोणाला पटलं असेल तर आईला. भाचीने सूक्ष्मजीव वगैरे सुरू केल्यावर आई म्हणाली, "एवढं कशाला सांगतेस? लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की काय होतं ते मला ठाऊक आहे." त्यानंतर ती स्वतःहून विचारू लागली, "ते मिठाचं घातलंस का गं?" फेनॉक्सीइथेनॉल या भाचीच्या प्रिझर्व्हेटिव्हला आमच्या घरात आता मीठच म्हणतात. फरक एवढाच की हे मीठ चवीपुरतं घालता येत नाही. युरोपात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. कमी पडलं तर जंतू वाढतात, जास्त झालं तर कातडी चुरचुरते.

आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत महाराष्ट्रात तरी कशी टिकली याचं मला नवल वाटतं. बिब्बा नैसर्गिकच असतो. खाजकुयरी तर शंभर टक्के वनस्पतिजन्य, कोणतंही रसायन न फवारता उगवलेली. लिंबूही निसर्गाचंच. ते कापून चेहऱ्याला चोळायचं आणि कोवळ्या उन्हात बसायचं, हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा लिंबाचा पीएच बघावा: दोनच्या थोडा वर. त्वचेचा साधारण पाच. शिवाय लिंबाच्या सालीत उन्हाशी हातमिळवणी करून कातडी भाजणारी द्रव्यं असतात. फोड येतात, ते जातात, आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. गोरं व्हायला निघालेला माणूस असा ठिपकेदार होऊन परत येतो.

पीएच मोजायच्या पट्ट्या आल्यावर आठवडाभर घरातलं काहीही सुरक्षित नव्हतं. अंगाचा साबण नऊच्या पुढे निघाला. खायचा सोडा आठच्या वर. आमसुलाचं सार, बाबांचा चहा, देवाचं तीर्थ, सगळ्यांत पट्ट्या बुडाल्या. (तीर्थाचा निकाल आईने जाहीर करू दिला नाही.) ताक साडेचारच्या आसपास आलं, म्हणजे साबणापेक्षा कातडीला कितीतरी जवळचं. आईने एवढंच म्हटलं, "मग आम्ही दही लावायचो तेव्हा तुम्ही नाकं का मुरडत होता?" दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं आणि तेच हल्ली छोट्या बाटलीतून मोठ्या किमतीला मिळतं, हे भाचीने प्रामाणिकपणे सांगितलं. नसतं सांगितलं तर चाललं असतं. त्या दिवसापासून आई दर बाटलीकडे पाहून विचारते, "हे आमच्या वेळी कशात होतं?"

लोशन जमलं की माणूस सीरमकडे वळतो. सीरममध्ये तेल-मेणाचा पसारा बहुधा नसतो. पाण्यात काही मोजके घटक विरघळवायचे. हे ऐकायला सोपं आहे. झँथन गम थेट पाण्यात टाकला तर त्याच्या अशा गुठळ्या होतात की त्या मोडायला कुकरही कमी पडावा. तो आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घ्यावा लागतो. हायल्युरॉनिक ॲसिड टाकून रात्रभर नुसतं वाट बघत बसावं लागतं. हे द्रव्य १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पहिल्यांदा वेगळं केलं, तेही गाईच्या डोळ्यातून. आता ते जीवाणूंकडून आंबवून बनवून घेतात. यातला आधीचा भाग आम्ही आईला सांगितलेला नाही, नंतरचा भाग बाबांना सांगितलेला नाही.

सगळ्यांत मिजासखोर व्हिटॅमिन सी. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या गटाने २००५ साली १५ टक्के एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, १ टक्का व्हिटॅमिन ई आणि अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड असा मेळ प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून घरी सीरम करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत हे तीन आकडे असतात. व्हिटॅमिन सीला पीएच साडेतीनच्या खाली हवा. फेरुलिक पाण्यात नीट विरघळत नाही. व्हिटॅमिन ई तर तेलकटच. उजेड सोसत नाही, हवा सोसत नाही, उकाडा सोसत नाही. म्हणून काळपट बाटली, थोडंच करायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. तरीही ते आधी पिवळं, मग नारिंगी आणि शेवटी तपकिरी होतंच. फ्रीजच्या दारात ते ठेच्याच्या वाटीशेजारी असतं. बाबांनी एका रात्री खोकल्याचं औषध समजून झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "हे उतरलंय." उतरलंच होतं. इतकं नेमकं परीक्षण पट्टीनेही केलं नसतं.

नियासिनामाइड मात्र सज्जन. पाण्यात लगेच विरघळतं, उन्हाला घाबरत नाही, सहाच्या आसपासचा पीएच त्याला मानवतो. आम्लात फार ठेवलं तर त्याचं हळूहळू निकोटिनिक ॲसिड होतं आणि चेहरा लाल होतो, म्हणून त्याची आणि व्हिटॅमिन सीची बाटली वेगळी ठेवलेली बरी. त्याचा खरा त्रास वेगळाच आहे. पाच टक्क्यांच्या सीरमला ते लागतं थोडं, आणि डबा मिळतो शंभर ग्रॅमचा. शंभर ग्रॅममध्ये दोन लिटर सीरम होतं. चेहऱ्याला दिवसाला एक मिलिलिटर धरलं तरी हे दोन हजार दिवसांचं, म्हणजे साडेपाच वर्षांचं काम. दुकानातली बाटली महाग पडते म्हणून सुरू झालेला हा व्यवहार. असे डबे आमच्याकडे आता फळीभर आहेत. बाबांनी पाण्याच्या पैशांचा विषय त्यानंतर काढलेला नाही.

या फळीवर एक बाटली मात्र अशी आहे की तिच्यापुढे मी थोडा ताठ उभा राहतो. बाकुचिओल. रेटिनॉलसारखं काम करणारं पण त्याच्याइतकं न झोंबणारं, अशी त्याची ख्याती. 'ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी'त २०१९ साली ४४ जणांवरचा बारा आठवड्यांचा अभ्यास छापून आला; त्यात अर्धा टक्का बाकुचिओल आणि अर्धा टक्का रेटिनॉल यांचा सुरकुत्यांवर आणि डागांवर जवळपास सारखा परिणाम दिसला. परदेशी कंपन्या त्याचं नाव मखरात बसवल्यासारखं छापतात. हे द्रव्य निघतं बावचीच्या बियांतून. आईच्या उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा यांच्या शेजारी असायची तीच बावची. आणि बियांतून ते पहिल्यांदा वेगळं काढून त्याची ओळख पटवली ती डॉ. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६६ साली, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. म्हणजे पाषाण रस्त्यावर! पाषाणहून कोथरूडला येताना चांदणी चौकात वेळ जातो हे मान्य. पण अर्धशतक?

आईने हे ऐकून लगेच बावची कुटून तेलात टाकायची तयारी केली. तिला थांबवावं लागलं. कच्च्या बावचीत सोरालेन जातीची द्रव्यंही असतात आणि ती उन्हात कातडी भाजतात. बाटलीतलं बाकुचिओल ती काढून टाकून शुद्ध केलेलं असतं. "मग आमच्या उटण्याने कोणी भाजलं नाही ते?" आईने विचारलं. दिवाळीचं उटणं पहाटे अंधारात लावतात आणि लगेच धुतात, हे उत्तर भाचीला सुचलं तेव्हा तीच आधी चकित झाली.

पण आईने भाचीला खरोखर गप्प केलं ते शतधौत घृताने. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, थंड पाणी घालून तळहाताने घोळायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं घालायचं. असं शंभर वेळा. तुपाचा रवाळपणा जातो, पिवळेपणा जातो, आणि हातात राहतं पांढरंशुभ्र, हलकं, गार मलम. आयुर्वेदात भाजल्यावर, दाहावर ते सांगितलेलं आहे. आई शंभर मोजायला जपमाळ घेते, आणि माळ १०८ मण्यांची असल्यामुळे आमच्याकडचं घृत शास्त्रापेक्षा आठ वेळा जास्त धुतलेलं असतं. भाचीने ते बोटांत चोळलं. तेलात पाण्याचे बारीक थेंब अडकलेले, सरळसरळ इमल्शन. दुसऱ्या शतकात रोममधल्या गॅलनने ऑलिव्ह तेल, मेण आणि गुलाबपाणी घोटून कोल्ड क्रीम केलं असं सौंदर्यप्रसाधनांच्या पुस्तकांत सुरुवातीलाच असतं. त्याने निदान मेण तरी वापरलं होतं. इथे इमल्सिफाइंग वॅक्स नाही, ब्लेंडर नाही, थर्मामीटर नाही.

"आणि प्रिझर्व्हेटिव्ह?" भाचीने शेवटचा बाण सोडला.

"परातीत मावेल एवढंच करतो की आपण. साठवतंय कोण?" आई म्हणाली. "पण चेहऱ्याला साजूक तुपाचा वास येतो हो. कॉलेजात चालेल का ते बघ."

चालत नाही. त्यामुळे सीरम सुरू आहे.

नवी बाटली झाली की हाक येते, "मामा, हात दे!" कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस बघायचं: लाल झालं, खाज आली तर पुढे जायचं नाही. ही तपासणी खरं तर वापरणाऱ्याने स्वतःवर करायची असते. माझ्यावर का, असं विचारल्यावर "तू सरकारी नोकरीत आहेस, तुझी कातडी जाड असेल" असं उत्तर मिळालं. शास्त्रीयदृष्ट्या ते उलटच ठरतं, पण मी ते वरिष्ठांच्या अभिप्रायासारखं मान खाली घालून स्वीकारलं.

एका गोष्टीला मी घरात सपशेल बंदी केली आहे: सनस्क्रीन. झिंक ऑक्साइडची पूड लोशनमध्ये ढवळली की सनस्क्रीन होत नाही. ती पूड सगळीकडे सारखी पसरली आहे की नाही हे ओट्यावर कळत नाही आणि एसपीएफ मोजायची पट्टी मिळत नाही. ते विकतच आणायचं. माझ्या या कडकपणाचं भाचीला आश्चर्य वाटलं, कारण यावर तिचंही तेच मत होतं आणि तिने ते करायचा विचारही केलेला नव्हता.

उरला प्रश्न फळीवरच्या डब्यांचा. "विकायला काय हरकत आहे?" असं शेजारच्या काकूंनी सुचवलं. हरकत आहे. १९४० चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांप्रमाणे विक्री किंवा वितरणासाठी प्रसाधन बनवायला परवाना लागतो. त्यासाठी जागा, यंत्रं, जाणकार माणूस, तपासण्या असं सगळं हवं. दुपारी सीरम आणि संध्याकाळी भजी असा दुहेरी कारभार असलेला ओटा त्यात बसत नाही. नातेवाइकांना दिलेली बाटली वितरणात धरायची की प्रेमात, असा एक बारीक कायदेशीर मुद्दा निघाला. भाचीने ती प्रेमात धरली.

त्यामुळे गेल्या दिवाळीत आमच्या फराळाच्या डब्यांबरोबर सगळ्यांकडे एकेक बाटली गेली. वर सुवाच्य अक्षरात घटक, तयार केल्याची तारीख आणि "तीन महिन्यांत संपवा" अशी सूचना. बहुतेकांनी चकलीचं कौतुक कळवलं आणि बाटलीबद्दल सभ्य मौन पाळलं. फक्त नाशिकच्या मावशीचा फोन आला.

"अगं, काय ते तुझं औषध! टाचांच्या भेगा अर्ध्या भरल्या."

"मावशीआजी, ते चेहऱ्याचं सीरम आहे."

"असू दे. चेहऱ्याकडे आता कोण बघतंय? उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढं पाठव. अर्धा लिटर दे."

फोन ठेवून भाचीने वही ओढली. अर्धा लिटर, पाच टक्के, म्हणजे पंचवीस ग्रॅम. तिने नियासिनामाइडचा डबा उचलून हलवून पाहिला आणि माझ्याकडे वळली.

"मामा, मावशीआजीला अजून तीन बहिणी नाहीत का रे?"